बहुविकलांगांचे शिक्षक-प्रशिक्षण

अंधत्व, बधिरत्व, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता यांपैकी दोन वा अधिक व्यंगे एकाच मुलात तीव्र स्वरूपात असता त्याच्या अध्यापनासाठी शिक्षकास दिले जाणारे पदवी व पदव्युत्तर स्तरावरील विशेष शिक्षण. अशा मुलाच्या बाबतीत एक व्यंग दुसऱ्यावरील उपायच निकामी करते. अंधाला कानांचा व बधिराला डोळ्यांचा आधार असतो. बहिरांध मुलास दोन्ही आधार तोकडे पडतात, आणि हातांवर ताबा नसेल तर ब्रेल व खुणांची भाषाही दुरावते. म्हणून अंधांच्या व बधिरांच्या स्वतंत्र अध्यापनपद्धतींची बेरीज येथे पुरत नाही.

हे अध्यापन प्रथम प्रत्यक्ष उदाहरणांवरून शिकले गेले. बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत सॅम्युएल हौ यांनी १८३७ पासून लॉरा ब्रिजमन या बहिरांध मुलीस शिकविले. त्यांचे अहवाल अभ्यासूनच ॲन सलिव्हन १८८७ मध्ये हेलन केलरकडे गेल्या. विद्यापीठीय प्रशिक्षणास चालना मिळाली ती १९७५ च्या अमेरिकन कायद्याने सर्व अपंग मुलांना सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिल्यानंतर. पुढील वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातील लू ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणीच्या जीवनात उपयोगी पडेल तेच शिकवावे, असा निकष मांडला. वर्षानुवर्षे मणी ओवण्यात घालविणाऱ्या वर्गांना तो चांगलाच झोंबणारा होता.

महाराष्ट्रात मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया (नंतरची ‘अडॅप्ट’) आणि १९७७ मध्ये सुरू झालेली बहिरांधांसाठीची हेलन केलर संस्था यांनी शाळेबरोबरच शिक्षक घडविण्याचेही कार्य केले. १९९२ च्या अधिनियमानुसार भारतीय पुनर्वास परिषद अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते व पात्र शिक्षकांची नोंदवही ठेवते. विशेष शिक्षणातील बी.एड. पदवीचा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे बहुविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था २००५ मध्ये स्थापन झाली.

प्रशिक्षणाचा खरा गाभा म्हणजे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष काम. मुलाला आधार देऊन कसे बसवावे, घास घशात न अडकता कसा भरवावा, हे प्रशिक्षणार्थी भौतिकोपचारतज्ञाकडून शिकतो. जेवणापूर्वी हातात चमचा व आंघोळीपूर्वी टॉवेल देणे, अशा वस्तुसंकेतांतून पुढे काय घडणार हे मुलास कळू लागते. त्यातूनच भाषेचा पाया घातला जातो. एखादे काम लहान लहान पायऱ्यांत विभागून शिकविणे ही पद्धत तुलनेने लवकर आत्मसात होते. प्रतिसादासाठी थांबणे मात्र कठीण. मूल पापणी हलविते, श्वास रोखते वा बोट किंचित उचलते. तेवढ्यात उतावळ्या शिक्षकाने दुसरी सूचना दिलेली असते. यासाठी पाठाचे चित्रमुद्रण पुन्हा पाहून चर्चा करण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलास घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. अंबरनाथपासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोहमार्गाने सुमारे ६० किमी. अंतर आहे, मान न धरणाऱ्या मुलास लोकलच्या गर्दीतून रोज नेणे पालेगावसारख्या ठिकाणच्या पालकांना अशक्यप्राय होय. तथापि प्रशिक्षित शिक्षक घरी न आल्यास हा पर्याय म्हणजे शाळेच्या पटावरील केवळ एक नाव उरते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बहुविध अपंगत्वासाठी दोन मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण तात्पुरते ठरवून दिले. घरभेटीत आई किंवा आजी हीच शिक्षकाची सहकारी असते. म्हणून तिच्या दिनक्रमातच पाठ बसविण्याचा सराव प्रशिक्षणकाळातच व्हावा लागतो.