साथीदारांची नोंद कोण ठेवणार?

पेणची गणेशमूर्ती परदेशी जाते तेव्हा तिच्याबरोबर पेणचे नाव जाते, कारखान्याचे नाव जाते, मूर्तिकारांच्या पिढ्यांचा लौकिकही जातो. त्याच मूर्तीपुढे विसर्जनाच्या दिवशी जो बेंजो वाजतो, तो वाजविणाऱ्याचे नाव मात्र शेजारच्या आळीपर्यंतही पोहोचत नाही. 'अमक्या गावची बेंजो पार्टी' एवढीच त्याची ओळख. रोह्यातही काही वेगळे नाही. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, सारे शहर रस्त्यावर येते. वाद्ये वाजतात ती सर्वांना ऐकू येतात, पण वाजविणारे कोण होते हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारीत नाही.

वस्तुतः या बेंजोचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. कोकणातील आगरी-कोळी लग्नांत आणि मिरवणुकांत जो बेंजो ऐकू येतो, त्याचा अमेरिकेतील त्याच नावाच्या वाद्याशी काही संबंध नाही. एरवी ज्याला बुलबुलतरंग म्हणतात तेच हे वाद्य, आणि त्याचे मूळ जपानात आहे. नागोया येथील गोरो मोरिता याने १९१२ साली टंकलेखन यंत्रावरून कल्पना घेऊन तारांच्या वाद्याला बटणे बसविली. तेथे त्याला 'ताईशोगोतो' म्हणतात. डाव्या हाताने बटणे दाबावयाची आणि उजव्या हातातील नखीने तारा छेडावयाच्या, अशी त्याची साधी रीत आहे. हिंदुस्थानात आल्यावर ते घरोघरी शिकण्यासारखे स्वस्त वाद्य ठरले. कोकणात त्याला ध्वनिवर्धक जोडला गेला, ढोल-ताशांच्या गदारोळातही सूर वर राहील इतका त्याचा आवाज वाढला आणि ते मिरवणुकीचे नायक झाले. हा बदल कोणा संगीत विद्यालयात झालेला नाही. तो गावोगावच्या हौशी वादकांनी घडविला आणि त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणालाही सांगता येणार नाहीत.

असाच प्रवास दुसऱ्या एका वाद्याने केला आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी पट्टी फिरविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर या संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले आणि दक्षिणेकडील खेडवळ संगीताने ही गिटार आपलीशी केली. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धून तिच्यावर वाजविल्या आणि त्यांच्या नावाने ध्वनिमुद्रिका निघाल्या. साथीदाराला असे भाग्य क्वचितच लाभते.

अमेरिकेतील त्या खेडवळ मंडळींची एक प्रथा मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. वादक आणि विदूषक ही दोन माणसे ठेवणे परवडत नसल्यामुळे पुष्कळदा एकच माणूस दोन्ही कामे करी. रॉय अकफ यांच्या मंडळीत १९३९ साली पीट कर्बी नावाचा वादक आला. तो पोलादी पट्टीने गिटार वाजवी आणि ढगळ कपडे घालून 'लाजाळू ऑसवाल्ड' या नावाने लोकांना हसवी. हे सोंग निघाले तेही एका अडचणीतून. मंडळीतील तरुण गायिका पुरुषांबरोबर गावोगाव हिंडते याविषयी कुजबुज होऊ नये, म्हणून त्याला तिचा भाऊ म्हणून उभे करण्यात आले. तमाशातील बायकांना ज्या नजरेला तोंड द्यावे लागले तिची आठवण येथे होतेच. पण तेथील लोकांनी या हसविणाऱ्यांची कदर केली, हेही खरे. मिनी पर्ल या विनोदी अभिनेत्रीला १९७५ साली त्या संगीताच्या सन्मान-दालनात गायकांच्या पंक्तीला स्थान मिळाले.

आपल्याकडे हे काम सोंगाड्याचे. गौळणीत मावशीची फिरकी घ्यावी, वगात राजाला अडवून भलताच प्रश्न टाकावा आणि त्या ओघात गावच्या तलाठ्यालाही चिमटा काढावा, ही त्याची कला. संहिता छापता येते, बतावणी छापता येत नाही, कारण ती दर रात्री समोरच्या गर्दीप्रमाणे बदलते. दादू इंदुरीकरांचा 'गाढवाचं लग्न'मधील सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला, त्यांना पुस्तकातला सावळ्या फिका वाटला तर नवल नाही. इंदुरीकरांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी आपल्या सारखेपणाचेच भांडवल करून महाराष्ट्र हसविला. नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले दादा कोंडके प्रथम बँडपथकात होते आणि मग रंगमंचावर आले. वाद्य आणि विनोद यांचे नाते त्यांच्यातही दिसते. ही नावे उरली. दक्षिण रायगडात गौरी-गणपतीत बाल्या नाच होतो, शक्ती-तुऱ्याचे सामने रंगतात, शिमग्याला सोंगे निघतात. त्यांत पाच मिनिटे उभे राहून अख्खे गाव हसविणारा माणूस जवळजवळ प्रत्येक पिढीत झाला असेल. त्याचे नाव त्याच्याबरोबर गेले.

हा केवळ कृतघ्नतेचा प्रश्न मानला तर तो फार सोपा होईल. त्याच्या मुळाशी अर्थकारण आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांची अडचण नेमकी मांडली. यंत्रामुळे कारखान्यात एका मजुराचे उत्पादन वाढते, पण चौघांनी वाजवावयाची रचना वाजविण्यास शंभर वर्षांनंतरही चौघेच लागतात. इतरत्र मजुरी वाढली की कलावंताचाही खर्च वाढतो, उत्पादकता मात्र तेथेच राहते. बेंजो पार्टीच्या सुपारीला हे शब्दशः लागू पडते. रक्कम एक, वाटेकरी दहा-बारा, शिवाय टेम्पोचे भाडे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याचा पगार मिळू लागल्यावर तरुणाने हंगामी सुपारीवर का अवलंबून राहावे? त्यातच एक माणूस आणि ध्वनिवर्धकांची भिंत एवढ्यावर मिरवणूक निघू शकते, हे मंडळांना कळून चुकले आहे. मंडळांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण वर्गणीचा हिशेब त्यांनाही द्यावा लागतो.

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासूनची आहे. २०२४ साली मानधनातील श्रेणी रद्द होऊन ते सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अर्जासोबत कलाक्षेत्रातील योगदानाचे पुरावे जोडावे लागतात आणि नेमके येथेच घोडे अडते. नाटकाच्या जाहिरातीत नटाचे नाव असते, ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे असते. ज्याचे नाव मुळात हस्तपत्रिकेवर कधी छापलेच गेले नाही, त्या झांजवाल्याने कात्रण आणावयाचे कोठून? तीस वर्षे वाजवून ज्याची बोटे घट्टे पडून कडक झाली, त्याला ती बोटे अर्जाला जोडता येत नाहीत.

यावर उपाय खर्चिक नाही. रोह्यातील महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. अशा तालुक्याला नोंदवहीचे महत्त्व सांगण्याची गरज पडू नये. प्रत्येक गणेशोत्सव मंडळ वर्गणीची पावती फाडते, मांडववाल्याचे देणे लिहून ठेवते. त्याच वहीत बेंजो पार्टीच्या रकमेसमोर वाजविणाऱ्यांची नावे आणि त्यांची वाद्ये लिहावीत, नाचाच्या सामन्यात सोंग घेणाऱ्याचे नाव लिहावे आणि खाली अध्यक्षाची सही व तारीख असावी. दहा-पंधरा वर्षांच्या अशा वह्या ग्रामपंचायतीत जमा झाल्या, तर मानधनाच्या जिल्हा समितीपुढे ठेवण्यास त्या वादकाजवळ निदान एक कागद तरी असेल. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. हयात वादकांची गाववार यादी करण्याचे काम त्यांच्यावर सोपविता येईल. आरंभ सत्तरी ओलांडलेल्यांपासून करावा लागेल.