चौदा तास यायला, साडेपंधरा जायला

जानेवारी २०२४. आजी आय.सी.यू.त आणि दादा न्यूयॉर्कला. त्याचा फोन आला, "सोमवारी रात्री साडेआठचं विमान, मंगळवारी रात्री नऊला मुंबई." आईने बोटांवर मोजलं आणि मटकन खाली बसली. "साडेचोवीस तास? तोवर..." पुढचं बोललीच नाही.

घरात इंजिनिअरिंगला मी, त्यामुळे हिशेब माझ्याकडे. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं (उन्हाळ्यात साडेनऊ, कारण तिकडे घड्याळं तासभर पुढे सरकवतात). साडेचोवीसमधून साडेदहा गेले, उरले चौदा. "अगं, तो निघेल तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे सकाळचे सात वाजलेले असतील."

रात्र हॉस्पिटलच्या बाकावर काढायची होती. झोप येईना, म्हणून अंतर काढायला घेतलं. मुंबई १९.१° उत्तर, ७२.९° पूर्व. न्यूयॉर्क ४०.६° उत्तर, ७३.८° पश्चिम. रेखांशांचे आकडे जवळजवळ सारखे, दिशा मात्र उलट! दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. ही बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन. कोन आला ११२.७°. एका अंशाला १११ कि.मी. धरले की सुमारे १२,५०० कि.मी.

भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीत, तर तीच वाट १४,२०० कि.मी. भरते. विश्वास नसेल तर धाकट्या भावंडाचा पृथ्वीगोल घ्या आणि दोरा ताणून बघा. दोरा अटलांटिकच्या मधोमध न जाता वर रशिया, आइसलंड असा जातो. प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरूनच जातं असं नाही. वारा, हवामान, कुणाची हवाई हद्द बंद, सगळं बघावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा वळसे आणखी वाढले.

दादा पोचला. आजीने डोळे उघडून आधी "जेवलास का?" विचारलं, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

मग परतीचं तिकीट. त्यावर प्रवासाचे तास साडेपंधरा! अंतर तेच, मग दीड तास जास्त का? आमच्या ग्रुपमधल्या एका विद्वानाचं मत, "पृथ्वी खालून फिरते ना!" अरे बाबा, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. नाहीतर हेलिकॉप्टर नुसतं वर धरून ठेवलं असतं आणि मुंबईच पुढे निघून गेली असती. खरं कारण जेट स्ट्रीम. साधारण दहा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात जास्त जोरात असतो. येताना पायलट त्याच्यावर स्वार होतो, जाताना त्याला टाळत वाट काढतो.

दोन समीकरणं मांडा. १२,५०० भागिले १४ म्हणजे ८९३, भागिले १५.५ म्हणजे ८०६. सरासरी ८५० हा विमानाचा वेग, फरकाचा निम्मा ४३ हा वाऱ्याचा. धावपट्टीवरचा वेळ आणि वळसे यातच धरलेत, तेव्हा आकडे ढोबळच. जेट स्ट्रीम स्वतः कधीकधी ताशी ३०० कि.मी.च्याही वर जाते. पण ती सगळ्या वाटेवर नसते.

दादा निघाला त्या दिवशी बाबा चष्मा लावून तिकीट वाचत होते. "रात्री दीडला निघणार, सकाळी साडेसहाला न्यूयॉर्क. पाच तासांत अमेरिका?"

आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "पाच नाही हो. त्यात साडेदहा मिळवा."