नोकरी जाण्यापूर्वींचे दिवस

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, अशी प्रतवारी आपल्या पूर्वजांनीं लावून ठेविली होती. आपल्या पांढरपेशा घरांनीं ती गेल्या शंभर-दीडशें वर्षांत उलटी करून टाकली. शेती कुळांकडे गेली, व्यापार हा आपला पिंड नव्हे असें ठरलें, आणि महिन्याच्या ठराविक तारखेस हातीं पडणारा पगार हाच घराचा पाया झाला. मुलांचीं शिक्षणें, घराचें कर्ज, वडिलांचें औषधपाणी, लग्नाचीं बोलणीं, इतकेंच काय पण चारचौघांतील इभ्रत, हें सारें एका नेमणूकपत्राच्या आधारावर उभें राहिलें. म्हणूनच कचेरींत माणसें कमी होणार अशी कुजबूज ज्या दिवशीं सुरू होते, त्या दिवशीं धोका एकट्या नोकरदाराला नसतो. तो साऱ्या घराला असतो. घराला मात्र त्याची वार्ता बहुधा सर्वांत शेवटीं लागते.

नोकरकपात ही आजचीच आपत्ति आहे असें नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी तिजोरी ओढग्रस्त झाली, तेव्हां 1922 सालीं लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखालीं खर्चकपातीसाठीं समिति नेमली गेली. 1982 सालच्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते, आणि त्यांतील हजारों कुटुंबांना गिरणीचा पगार पुन्हां पाहावयास मिळाला नाहीं. भारत संचार निगमांतून स्वेच्छानिवृत्ति घेऊन 78,000 हून अधिक माणसें 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशीं बाहेर पडलीं. आणि 2025 च्या जुलैंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें आपल्या नोकरवर्गापैकीं सुमारें 2 टक्के, म्हणजे 12,000 हून अधिक माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांत मधल्या व वरच्या दर्जाच्या लोकांचा भरणा अधिक असेल, असेंहि सांगितलें. मधल्या दर्जाचा मनुष्य म्हणजे कोण? वय पंचेचाळीसच्या आसपास, घराचे हप्ते निम्मे फिटलेले, मुलगी महाविद्यालयांत, आणि आईवडील सत्तरीच्या पुढें. ज्या वयांत घर त्याच्यावर सर्वांत अधिक विसंबलेलें असतें, त्याच वयांत ही वेळ येते.

अशी नोकरी एका रात्रींत क्वचितच जाते. नवीं कामें येईनाशीं होतात, बढत्या थांबतात, वरिष्ठ मोघम बोलूं लागतात, आपलें काम दुसऱ्याला शिकवून ठेवण्यास सांगितलें जातें. पहिल्या कुजबुजीपासून प्रत्यक्ष नोटिशीपर्यंत बहुधा कांहीं महिने जातात. आमच्या मतें हे महिने हेंच नोकरदाराचें खरें भांडवल होय. कारण या काळांत पगार चालू असतो, हुद्दा शाबूत असतो, बँक दारांत उभें करते, आणि नवें काम शोधणारा मनुष्य 'कामावर असलेला' म्हणून गणला जातो. नोटीस हातीं पडतांच यांपैकीं बहुतेक गोष्टी एकदम नाहींशा होतात.

हें भांडवल बहुतेक घरांत वायां जातें, आणि त्याचें कारण म्हणजे मौन. आईला रक्तदाबाचा विकार आहे, तिला कशाला सांगा. धाकट्या भावाचें लग्न ठरावयाचें आहे, तें होऊन जाऊं दे. पत्नीला काळजी नको. असें म्हणत कर्ता पुरुष एकटाच ओझें वाहतो. कांहीं जण तर नोकरी सुटल्यावरहि रोज सकाळीं डबा घेऊन ठरल्या वेळीं घराबाहेर पडतात, आणि बागेंत वा वाचनालयांत संध्याकाळ करून परततात. यांत प्रेम आहे, हें कोण नाकारील? परंतु त्या प्रेमाची किंमत जबर आहे. घर नेहमींच्याच हातानें खर्च करीत राहतें. नवी मोटार घेतली जाते, समारंभाचें बोलावणें दीडशें पानांवरून तीनशेंवर जातें, आणि शिल्लक आटत असल्याचें कोणाच्याच गांवीं नसतें. शेवटीं गोष्ट उघड होते, तेव्हां नोकरी गेल्याचें दुःख मागें पडतें आणि आपल्याला परकें मानलें हें शल्य पुढें येतें.

म्हणून तयारीची पहिली पायरी ही, कीं घरांत सांगावें. पत्नीला प्रथम, आणि तिच्याशीं बोलल्यावर आठवडाभरांत घरच्या वडील मंडळींना व भावांना. सांगतांना अफवा आणि वस्तुस्थिति वेगळ्या ठेवाव्या: एवढें ठाऊक आहे, एवढें अजून ठाऊक नाहीं, आणि माझा विचार असा आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलांनाहि बेतानें सांगावें. बंद दाराआडचें बोलणें त्यांना ऐकूं येतच असतें, आणि अर्धवट ऐकलेलें नेहमीं अधिक भयंकर वाटतें.

दुसरी पायरी हिशेबाची. समजा, एका घराचा मासिक खर्च 90,000 रुपये आहे आणि त्यांत कर्जाचा हप्ता 35,000 आहे. वडिलांचें निवृत्तिवेतन 30,000 आणि सुनेचा पगार 40,000 येतो. मुलाचा पगार थांबला तर दरमहा 20,000 ची तूट येईल. हाताशीं 3,60,000 रुपये असतील, तर घर 18 महिने निभावेल. आतांपासूनच 8,000 रुपयांचा खर्च आवरला, तर तूट 12,000 वर येते, आणि तेवढ्याच शिल्लकेंत 30 महिने निघतात. हा एक आंकडा कागदावर मांडला कीं मनांतील निराकार भीतीला आकार येतो, आणि आकार आला कीं तिच्याशीं झुंजतां येतें. हप्त्याविषयीं बँकेशीं बोलावयाचें तें थकबाकी होण्यापूर्वींच बोलावें. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला, म्हणजे कर्ज अनुत्पादित ठरतें. त्याआधीं मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची वाट पुष्कळदां मोकळी असते.

याच वेळीं आरोग्यविम्याकडे लक्ष द्यावें. कंपनीनें काढलेला विमा सामान्यतः नोकरीबरोबरच संपतो, आणि नव्या विम्यांत जुन्या आजारांसाठीं प्रतीक्षेची अट असते. ती आतां जास्तींत जास्त 36 महिन्यांची आहे. म्हणून घराचा स्वतंत्र विमा पगार चालू असतांनाच घ्यावा. कंपनीच्या सामूहिक विम्यांतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यांत जाण्याची सोयहि असते. तिची चौकशी शेवटच्या दिवसापूर्वीं करावी.

तिसरी पायरी आपल्या हक्कांची. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशांत चार श्रमसंहिता अंमलांत आल्या आहेत. त्यांनुसार एक वर्षाहून अधिक काळ सलग काम केलेल्या 'कामगारास' कमी करतांना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागें 15 दिवसांचें सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावें लागतें. मात्र व्यवस्थापनाचें काम करणारे, तसेंच 18,000 रुपयांहून अधिक वेतनावर देखरेखीचें काम करणारे, या व्याख्येंत येत नाहींत. त्यांचा आधार म्हणजे त्यांचें नेमणूकपत्र. तें आजच काढून वाचावें. काम सुटल्यावर राहिलेलें वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळालें पाहिजे. पांच वर्षें सेवा झालेल्यास ग्रॅच्युइटी मिळते, आणि तिचें गणित सोपें आहे: शेवटचें वेतन गुणिलें 15, भागिलें 26, गुणिलें सेवेचीं वर्षें. वेतन 39,000 आणि सेवा 14 वर्षें असेल, तर 3,15,000 रुपये होतात.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं माणसाला कमी न करतां त्याच्याकडून राजीनामाच मागितला जातो, आणि तोहि बंद खोलींत, अर्ध्या तासाच्या मुदतींत. राजीनामा दिला, कीं कपातीची भरपाई मागण्याचा पायाच ढासळतो. "मला हें घरीं दाखवून विचार करावयाचा आहे" एवढें वाक्य शांतपणें म्हणण्याची तयारी मनाशीं करून ठेवावी, आणि सही करण्यापूर्वीं जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. पगाराच्या पावत्या, बढतीचीं पत्रें, कराचे दाखले यांच्या प्रती स्वतःपाशीं असूं द्याव्या; कंपनीचे गोपनीय कागद मात्र चुकूनहि घरीं आणूं नयेत. भविष्य निर्वाह निधीला हात लावण्याची घाई करूं नये. त्याच्याशीं जोडलेलें निवृत्तिवेतन मिळण्यास किमान 10 वर्षें सेवा लागते. आठव्या-नवव्या वर्षीं रक्कम काढून घेणारा मनुष्य आपल्या म्हातारपणाचा आधार स्वतःच्या हातानें तोडतो.

चौथी पायरी पुढील कामाची. 'मी व्यवस्थापक होतों' हें कांहीं कौशल्य नव्हे, तें पद आहे, आणि पद कंपनीपाशींच राहतें. आपल्याला काय येतें याची यादी करावी. बँकेंतल्या अधिकाऱ्याला कर्जाचें प्रकरण पारखतां येतें. त्याची गरज पतसंस्थेला असते आणि लहान कारखानदारालाहि असते. संगणकक्षेत्रांतल्या ज्या गृहस्थानें दहा वर्षें केवळ माणसें सांभाळलीं, त्यानें पुन्हां हातानें काम करावयास शिकलें पाहिजे. रोज पहाटेचे दोन तास सहा महिने दिले, तर हें पंचेचाळिसाव्या वर्षींहि साधतें. ज्यांच्याबरोबर पूर्वीं काम केलें, अशा वीस-पंचवीस जणांना भेटावें. नोकरी मागण्यासाठीं नव्हे, तर कोठें कशाची गरज आहे हें जाणून घेण्यासाठीं. पगार कमी मिळत असेल, तर तो घराच्या तुटीशीं ताडून पाहावा, मागील पगाराशीं नव्हे. आणि मिळालेली रक्कम झटपट नफ्याच्या मागें लावूं नये. सेबीनें 2024 सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, तीन वर्षांत वायदेबाजारांत उतरलेल्या दर 100 व्यक्तींपैकीं 93 जणांना तोटा झाल्याचें आढळलें.

आपल्याच प्रांतांतील लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण या ठिकाणीं आठवतें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेंत ते शिक्षक होते. तेथें हक्काची बढती डावलली गेली, तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली, हें सर्वांना ठाऊक आहे. पण नोकरी चालू असतांनाच ते मुंबईंत सायकली विकत घेऊन बेळगांवीं आपले बंधु रामूअण्णा यांच्याकडे पाठवीत, आणि रामूअण्णा तेथें त्या विकीत, हें तितकेंसें लक्षांत घेतलें जात नाहीं. नोकरी सुटली तेव्हां पुढची वाट भावाच्या घरीं आधींच तयार होती. 1910 सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, तिचें मूळ पगाराच्या दिवसांत पेरलेल्या त्या लहानशा उद्योगांत आहे. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग तो हाच.

आतां दोन शब्द घरच्या वडीलधाऱ्यांसाठीं. मुलानें वार्ता सांगितली, कीं पहिला प्रश्न "आतां लोक काय म्हणतील?" असा येऊं नये. "अमक्याचा मुलगा कसा टिकला?" अशी तुलनाहि करूं नये. कंपनी दहा हजार माणसें कमी करते, तेव्हां ती एकेकाची योग्यता पाहत बसत नाहीं. घरीं बसलेल्या मुलाला दिवसभर बँकेचीं व बाजाराचीं कामें सांगून त्याचा शोधाचा वेळ मोडूं नये. उलट सून बाहेर जाऊन घर चालवीत असेल, तर सकाळचा स्वयंपाक आणि मुलांची शाळा तिच्या एकटीच्याच माथीं राहूं नये. मुलानें पोळ्या लाटल्या म्हणून त्याच्या मानांत उणें येत नाहीं. सून थकून आजारी पडली, तर मात्र घराचा उरलेला खांबहि डळमळेल.

नोकरी राहिलीच, तर या तयारींतलें कांहींहि फुकट जात नाहीं. खर्च आवरलेला राहतो, विमा असतो, नवी विद्या पदरीं पडते. आणि नोकरी गेलीच, तर तें पत्र ज्या संध्याकाळीं घरीं येईल, त्या संध्याकाळीं तें कोणाच्या खिशांत दडवून ठेवावें लागणार नाहीं. तें सर्वांसमोर वाचलें जाईल, आणि वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशीं काय करावयाचें, हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असेल.