वृद्धांचे पडणे : टाळता येण्याजोगा अपघात

घरातील वयोवृद्ध माणूस मोरीत घसरून पडला, खुब्याचे हाड मोडले आणि त्याने जे अंथरूण धरले ते पुन्हा सुटलेच नाही, अशी हकीकत महाराष्ट्रातील बहुतेक गावांत ऐकावयास मिळते. ‘वय झाले, असे व्हायचेच’ या एका वाक्यात तिची बोळवण केली जाते. वस्तुतः अशा अपघातांपैकी पुष्कळसे टाळता येतात आणि त्यासाठी करावयाचे उपाय सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मृत्यू पावतात. अपघाती इजांनी ओढवणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रम लागतो. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात, असे आढळून आले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ १० टक्के होती. यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

तोल का जातो?

उभ्या माणसाचा तोल डोळे, कानाचा अंतर्भाग, तळपायांची संवेदना आणि पायांचे स्नायू या चौघांच्या सहकार्याने सांभाळला जातो. मोतीबिंदूने नजर मंदावते, मधुमेहाने तळपाय बधिर होतात, बसून राहिल्याने मांड्यांचे बळ ओसरते. यांपैकी एकच बाजू लंगडी पडली तर इतर तिघे निभावून नेतात. दोन-तीन एकदम दुबळ्या झाल्या म्हणजे लहानशी ठेचही माणसाला जमिनीवर आणते.

झोपेतून एकदम उठल्यावर येणारी भोवळ हेही एक महत्त्वाचे कारण होय. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. तरुण शरीर रक्तदाब क्षणार्धात सावरून घेते. वृद्धापकाळी त्यास विलंब लागतो. झोपेच्या गोळ्या तसेच रक्तदाबावरील व मधुमेहावरील काही औषधे यांमुळे हा धोका वाढतो. मात्र ही औषधे परस्पर बंद करणे हितावह नाही. घेत असलेली सर्व औषधे वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना एकत्र दाखवावीत व त्यांच्याच सल्ल्याने फेरबदल करावा.

घरातील धोके

आपल्याकडील जुन्या घरांत उंच उंबरठे, अंधारे माजघर, गुळगुळीत शहाबादी फरशी व ओली मोरी असते. पावसाळ्यात अंगणातील पायऱ्यांवर आणि चिऱ्यांवर शेवाळ धरते. शौचालय घराबाहेर असल्यास रात्रीची ती चार पावले सर्वांत जोखमीची ठरतात.

मोरीचे शेवाळ खराट्याने घासून काढावे, खडबडीत फरशी बसवावी आणि भिंतीत पक्का लोखंडी दांडा बसवून घ्यावा. टॉवेल अडकविण्याची दांडी माणसाचा भार पेलत नाही, हे लक्षात ठेवावे. उंबरठ्यावर पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा. वाटेतील सतरंजीची दुमडलेली कड, विजेची लोंबती तार, बादली व पाट दूर करावेत. अंथरुणाजवळ हाताशी येईल असा विजेचा दिवा अथवा विजेरी ठेवावी. उठताना प्रथम कडेवर वळून बसावे, एक-दोन मिनिटे पाय हलवावेत व नंतरच उभे राहावे. झिजलेल्या सपाता टाकून मागे पट्टा असलेली, तळव्याला खाचा असलेली चप्पल वापरावी. लुगड्याचा वा धोतराचा सोगा पायांत येणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

भीतीचे दुष्टचक्र

एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या धास्तीने चालणे कमी करतो. घरची मंडळीही मायेपोटी ‘तुम्ही बसून राहा’ असे सांगतात. परंतु बसून राहिल्याने स्नायू अधिक दुबळे होतात व पडण्याचा संभव उलट वाढतो. आपल्यावर बंधने येतील या भीतीने अनेक वृद्ध आपण पडल्याचे सांगतही नाहीत. म्हणून ‘गेल्या वर्षात कधी पडलात का?’ हा प्रश्न घरात व दवाखान्यात आपुलकीने विचारला गेला पाहिजे.

या चक्रावरील सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे व्यायाम. कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, एका पावलासमोर दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे, एवढे व्यायाम नियमाने केले तरी लाभ होतो. आरंभी कोणीतरी जवळ असावे.

धोका ओळखण्याची एक सोपी चाचणीही आहे. वृद्धाने खुर्चीवरून उठून तीन मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे. यास १२ सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागल्यास वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट ठरते.

पडल्यास काय करावे?

पडलेल्या व्यक्तीस घाईने ओढून उठवू नये. प्रथम ती शुद्धीवर आहे काय व कोठे दुखते, हे पाहावे. एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल आणि उभे राहता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची दाट शंका घ्यावी. अशा वेळी चोळणे वा ओढून बसविणे टाळावे. पाय आहे त्या स्थितीत स्थिर ठेवून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया आवश्यक असल्यास ती शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, म्हणजे रुग्ण लवकर चालता होतो. दीर्घकाळ पडून राहिल्यास न्यूमोनिया व शय्याव्रण संभवतात. डोक्यास मार लागलेला असून रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर बाहेरून काही दिसत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. पुढील काही आठवड्यांत डोकेदुखी, गुंगी वा भ्रम जाणवल्यासही दुर्लक्ष करू नये.

गावाचे कर्तव्य

हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. ग्रामपंचायत कार्यालय, रास्त भाव दुकान, देऊळ व आरोग्य उपकेंद्र यांच्या पायऱ्यांना कठडा असावा. पाणवठ्याच्या वाटेवर दिवा असावा. निवृत्तिवेतनाच्या रांगेत वृद्धांना बसावयास बाक मिळावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील धोक्यांची यादी करून घेतल्यास हा विषय सहज घरोघर पोहोचेल.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून राबविण्यात येत आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, काठी, वॉकर यांसारख्या साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. गावातील कोणत्या वृद्धास काठीची, कोणास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची गरज आहे, हे आशा स्वयंसेविका व पंचायत सदस्य यांना ठाऊक असते. ती यादी पावसाळ्यापूर्वी तयार झाली, तर अनेक वृद्धांना आपल्या पायांनी देवळापर्यंत, पारापर्यंत जाण्याचे स्वातंत्र्य अधिक वर्षे उपभोगता येईल.