बिनअत्तराची नोकरी

हळदीकुंकवाला अत्तरदाणी पुढे आली की मी हात मागे घेते. गजराही घरी ठेवते. "एवढं काय गं सोवळं?" म्हणून बायका हसतात. उद्या सकाळी लॅब आहे आणि भ्रूणाला वास चालत नाही, हे त्यांना कसं सांगणार? भ्रूणाला नाक नसतं, पण अत्तर, फिनेल, नवा रंग यांतून हवेत उडणारी रसायनं त्याच्या भोवतालच्या थेंबात मुरतात आणि पेशींची वाढ बिघडते. म्हणून आमच्या लॅबला बाहेर उघडणारी खिडकी नाही, हवा गाळून येते, दिवे मंद असतात आणि मी चौदा वर्षं बिनअत्तराची आहे.

मी एम्ब्रियोलॉजिस्ट. आमच्या कामाला लोक 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणतात, पण ट्यूब असते ती बीजकोशातलं पाणी आणण्यापुरती. पुढचं सगळं घडतं तळहाताएवढ्या चपट्या डिशमध्ये, तेलाच्या थराखालच्या थेंबांत.

एका गुरुवारी सकाळी साडेनऊचा पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढायची वेळ, होती. बीजं पिकवणारं ट्रिगरचं इंजेक्शन मंगळवारी रात्री साडेनऊला दिलेलं, म्हणजे बरोबर ३६ तास. घाई केली तर बीजं कच्ची निघतात, उशीर केला तर ती आपली आपण सुटून जातात आणि हाती नुसतं पाणी येतं. पलीकडे ऑपरेशन थिएटरमध्ये बाई भुलेखाली. डॉक्टर सोनोग्राफीवर बघत योनिमार्गातून सुई घालून एकेक फॉलिकल, म्हणजे बीजाची पाण्याने भरलेली पिशवी, रिकामं करतात आणि नळ्या खिडकीतून माझ्याकडे येतात. पाणी लालसर-पिवळं. ते डिशमध्ये ओतलं की मी शोधते तो भिजवलेला सब्जा. अगदी तसाच दिसतो, भोवती पारदर्शक बुळबुळीत गोळा आणि आत कुठेतरी बीज. बीज स्वतः मिलिमीटरचा दहावा भाग, तरी मानवी शरीरातली सर्वांत मोठी पेशी तीच.

"एक!" मी ओरडते. पलीकडे सिस्टर मोजतात. त्या दिवशी अकरा झाली.

अकरा ऐकून लोक खूश होतात. मला मागचा हिशेब आठवतो. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मताना दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख. त्यांतली पिकून बाहेर पडतात जेमतेम चारशे-पाचशे, बाकीची जागच्या जागी विरून जातात. नवं एकही तयार होत नाही. बाई ३७ वर्षांची, तर बीजही ३७ वर्षांचं. चेहऱ्याला क्रीम लावता येतं, बीजाला नाही. पुरुषाचा कारखाना मात्र रोज चालू असतो. एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे आज आलेल्या कडक तापाचा किंवा आज सोडलेल्या तंबाखूचा परिणाम दिसायला अडीच-तीन महिने जावे लागतात.

त्या गुरुवारच्या जोडप्याच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. बाईची फाईल वीतभर जाड. दोनदा 'पिशवी धुतली', एकदा दुर्बिणीतून तपासणी, गोळ्या, इंजेक्शनं. नवस आणि उपास फाईलमध्ये लागत नाहीत. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा पहिला रिपोर्ट सहाव्या वर्षीचा. मिलिलिटरला किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू अपेक्षित असतात, त्याचे २० लाख होते. या तपासणीला ना भूल लागते ना सुई. दोनेक तासांत उत्तर मिळतं. तरी ती शेवटी होते, कारण घरात दोष आधीच वाटून झालेला असतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही कारण सापडतं. मला या विषयावर संयम राखता येत नाही, माफ करा.

१९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या. त्याआधी इतके कमी शुक्राणू असलेल्या नवऱ्याला दात्याचं वीर्य घ्या, एवढंच सांगता येई. इक्सी म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडायचा. आधी बीजाभोवतीचा गोळा एन्झाइमने सोडवायचा. सोडवल्यावर कळलं, अकरांपैकी नऊच पिकलेली आहेत. मग घट्ट द्रवात मंदावलेल्या शुक्राणूंतून एक निवडायचा, शेपटीवर सुई दाबून त्याला लुळा करायचा आणि शेपटीकडून ओढून घ्यायचा, म्हणजे सोडताना डोकं पुढे राहतं. डाव्या नळीने बीज धरायचं, उजवीकडून, घड्याळात तीन वाजतात तिथून, सुई आत. पडदा ताणतो, आणखी ताणतो, मग एकदम ढिला पडतो. हा ढिलेपणा हाताला कळत नाही, डोळ्यालाच दिसतो. तो दिसल्याशिवाय शुक्राणू सोडला, तर तो आत न पडता पडद्याच्या खोबणीत बसतो. शिकताना माझे असे कितीतरी बसले.

प्रत्येक डिश हलवताना दुसऱ्या माणसाने नाव मोठ्याने वाचायचं, हा नियम. आमच्याकडे एका दिवशी तीन-तीन पाटील असतात. म्हणून नवऱ्याचं नाव, नंबर आणि मग पुन्हा बाईचं नाव. कंटाळा येतो, तरी वाचतो.

शुक्रवारी सकाळी सात बीजांत दोन-दोन वर्तुळं शेजारी शेजारी दिसली, एक आईचं, एक बापाचं. म्हणजे फलन झालं. नवऱ्याचा फोन आला, "मॅडम, किती?" सात. त्याच्या आवाजात अकराच अडकले होते. रविवारी आठ पेशींपर्यंत नीट पोचलेली पाच, मंगळवारी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत सोडण्याजोगी पाच दिवसांची भ्रूणं, झाली तीन. रोज हा आकडा खाली आणून सांगणं हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड काम, सुईपेक्षाही. मी काही केलं नाही म्हणून भ्रूणं थांबत नाहीत. बहुतेकदा गुणसूत्रांचा हिशेबच चुकलेला असतो. शरीरातही हेच होतं, फक्त तिथे मोजायला कोणी नसतं.

एक भ्रूण आत सोडलं, दोन गोठवली. गोठवताना मला हटकून कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी आठवतात. इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली आणि दहा आठवड्यांत, ३ ऑक्टोबरला, मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा. तीही गोठवलेल्या भ्रूणातून. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, ती देशातली पहिली मानली गेली. नंतर मुखर्जींची टिपणं आनंद कुमारांनी स्वतः वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की पहिला मान मुखर्जींचा. स्वतःच्या नावावरचा मान असा काढून देणारा माणूस मला मोठा वाटतो.

बाराव्या दिवशी बाईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. दोघं दिवाळीनंतर परत येणार आहेत. त्यांची दोन भ्रूणं उणे १९६ अंशांत, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत आहेत. टाकीतली पातळी मी रोज सकाळी लॅबमध्ये शिरल्याबरोबर पट्टी बुडवून बघते आणि वहीत लिहून सही करते.