टेनिस एल्बो आणि लेझरचा किरण
टेनिस एल्बो झालेल्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. धुण्याचे पिळे, पान्हा, स्क्रू-ड्रायव्हर एवढं कारण पुरतं. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथली कंडरा झिजते. तिच्यावर कमी शक्तीचा लेझर देतात. त्याने कातडी भाजत नाही. २००८ साली संशोधक ब्यॉर्डाल आणि सहकाऱ्यांनी या उपचाराच्या आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या. ज्यांत ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण थेट कंडरेवर दिला, तिथे वेदना कमी झाली, तीही थोड्या काळापुरती. ८२० नॅनोमीटरने फरक पडला नाही. म्हणजे नुसतं ‘लेझर’ ऐकून पैसे मोजण्यात अर्थ नाही, तरंगलांबी विचारावी. मनगटाचे व्यायाम मात्र सोबत हवेतच.