मृगाच्या ढगांपलीकडचे ग्रह

पांढुर्णा-सौंसरकडे मृग लागला की सगळ्यांच्या नजरा ढगांवर. कपाशीची पेरणी, संत्र्याचा मृग बहार, सगळं त्यांच्याच हाती. नेमक्या याच दिवसांत मध्यरात्री दक्षिणेला धनू रास येते, आणि आकाशगंगेचं केंद्र तिच्यातच आहे. गुरुत्वीय सूक्ष्मभिंगाने दूरचे ग्रह शोधण्याच्या कामात भारत कडेला का राहिला, याचं बरंचसं उत्तर मला या ढगांत दिसतं.

कारण विचारांत आपण मागे नव्हतो. वाटेतल्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाकतो आणि तो काही काळ जास्त तेजस्वी दिसतो, हे आइन्स्टाइनने 1936 मध्ये मांडलं. प्रत्यक्षात ते कधी दिसेल, अशी आशा मात्र त्याला नव्हती. प्रकाश असा वाकवणारं पहिलं गुरुत्वीय भिंग 1979 मध्ये सापडलं. त्याच सुमारास जयंत नारळीकर आणि शशिकुमार चित्रे हे दोघे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी वस्तूंसाठी याच कल्पनेचा वापर करत होते. 1985 मध्ये सुब्रमणियन, चित्रे आणि नरसिंह यांनी छोट्या वस्तुमानांच्या भिंगांमुळे क्वेसारांची तेजस्विता कशी बदलेल, याचं गणित प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी पोलिश शास्त्रज्ञ पाचिन्स्की यांनी लाखो ताऱ्यांवर रोज पाळत ठेवायची कल्पना मांडली, आणि 1991 मध्ये सहकारी माओ यांच्यासोबत तिचा रोख ग्रहांकडे वळवला. तारा काही आठवडे उजळतो. सोबत ग्रह असेल तर त्यात काही तासांची किंवा दिवसाची वेगळी उसळी दिसते. ती रात्र चुकली की संपलं, ताऱ्यांची ती जुळणी पुन्हा होत नाही.

म्हणून जागा महत्त्वाची. चिलीतल्या लास कम्पानासवरून ताऱ्यांची गर्दी असलेला आकाशगंगेच्या केंद्राचा भाग जवळजवळ डोक्यावरून जातो, आणि जूनमध्ये तिथे हिवाळ्याच्या लांब रात्री. पांढुर्ण्याहून तो क्षितिजापासून जेमतेम 39 अंश चढतो, तोही पावसात. पहिला ग्रह 2003 मध्ये चिली आणि न्यूझीलंडच्या दुर्बिणींनी मिळून पकडला. 2005 मध्ये पृथ्वीच्या साडेपाचपट वस्तुमानाचा थंड ग्रह हाती आला. 2020 मध्ये तर जवळपास कुठलाही तारा नसलेल्या, बहुधा पृथ्वीएवढ्याच ग्रहाची बातमी आली. त्याची खूण अवघी 42 मिनिटांची होती. आता अशा ग्रहांची संख्या दोनशेच्या वर आहे.

आपण अगदीच हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. नैनितालच्या दुर्बिणीने 1998 पासून चार वर्षं देवयानी दीर्घिकेवर पाळत ठेवली. ती हिवाळ्यात दिसते, हा हिशेब उघड आहे. एक संभाव्य घटना मिळालीही, पण तिथले तारे इतके दूर, की ग्रहाची बारीक खूण टिपणं फार अवघड.

नासाची रोमन दुर्बीण हेच काम अंतराळातून करणार आहे. तिथे मृग नाही. तिची निरीक्षणं सगळ्यांना लगेच खुली राहणार आहेत. सौंसर-पांढुर्ण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलामुलींनी संगणकावर तेजस्वितेचे आलेख वाचायला आतापासूनच शिकावं.